लग्नाचा फोटोग्राफर निवडताना: कँडिड, ट्रॅडिशनल आणि आजीचे नऊ फोटो

माझं लग्न गेल्या फेब्रुवारीत झालं, गोव्यात, फोंड्यात, कवळ्याच्या बाजूला एका हॉलात. फोटोग्राफर शोधायला मात्र चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच सुरुवात केली होती, कारण तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि चांगली माणसं दिवाळीआधीच बुक होऊन जातात असं मामेबहिणीने बजावलं होतं. पहिला फोन केला आणि समोरून पहिलाच प्रश्न, "मॅडम, कँडिड पाहिजे की ट्रॅडिशनल की दोन्ही?" मी म्हटलं दोन्ही. मग कोटेशन आलं त्यात कँडिड, ट्रॅडिशनल, सिनेमॅटिक, एडिटोरियल असे चार शब्द आणि प्रत्येकापुढे वेगळी रक्कम, सगळं धरून पावणेदोन लाख. बाबांनी कागद वाचला आणि विचारलं, "ह्यातला फरक काय गो?" मला सांगता आलं नाही. पैसे बाबांचे, आणि मला फरक सांगता येत नाही हे मला फार लागलं, म्हणून ठरवलं की आधी हे समजून घ्यायचं आणि मगच अ‍ॅडव्हान्स द्यायचा.

सुरुवात आजीच्या अल्बमपासून झाली. तिचं लग्न 1968 चं. काळ्या जाड पानांचा अल्बम, कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावून बसवलेले फोटो, एकूण नऊ. सगळे समोर बघतायत, कुणी हसत नाही. मला आधी वाटायचं जुनी माणसं लाजायची म्हणून असे फोटो, पण एका वयस्कर फोटोग्राफरांशी बोलले (त्यांचा पणजीत स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो) तेव्हा कळलं की त्या चौकोनी फोटोंच्या कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो यायचे. बारा! लग्नाला एक नाहीतर दोन रोल, फ्लॅशचा बल्ब प्रत्येक फोटोला नवा. म्हणजे एक फोटो वाया गेला तर तो प्रसंगच गेला. मग सगळ्यांना उभं करायचं, हलू नका म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. ट्रॅडिशनल म्हणून जे आपण आज म्हणतो ते तिथून आलंय, आणि ते ऐकल्यापासून मी ट्रॅडिशनलला जुनाट म्हणणं सोडून दिलं.

कँडिडचं मूळ दुसरीकडे, बातमीच्या फोटोग्राफीत. 1925 साली लायका कॅमेरा बाजारात आला, हातात मावणारा, एका रोलवर 36 फोटो, त्यामुळे माणूस स्टँडशिवाय फिरायला लागला आणि जे घडतंय ते घडताना टिपायला लागला. लग्नात ते फार उशिरा आलं. पण आपल्याकडे कँडिड हा शब्द आता कशालाही लावतात. तीन फोटोग्राफर भेटले त्यातल्या दोघांच्या कँडिडमध्ये नवरी खिडकीकडे बघतेय, कानातलं घालतेय, मैत्रिणी ठरवून एकदम हसतायत, म्हणजे पोझच आहे फक्त कॅमेऱ्याकडे बघायचं नाही एवढंच. ते वाईट नाही, सुंदर दिसतं, मासिकातल्या जाहिरातीसारखं, त्यालाच एडिटोरियल म्हणतात. पण ते घडलेलं नाही, घडवलेलं आहे, आणि पैसे देताना हा फरक माहीत पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्युमेंटरी म्हणणारा खरा फोटोग्राफर तुम्हाला काहीच सांगत नाही, ताई जरा इकडे बघा असंसुद्धा नाही. त्यामुळे त्याच्याकडे आत्याबाईंचा एकही धड फोटो नसण्याचीही शक्यता असते, ती मान्य असेल तरच त्याच्याकडे जावं.

फाइन आर्ट म्हणजे प्रकाश, पोत आणि मोकळी जागा यांचा विचार करून चित्रासारखी मांडणी, नवरा-नवरी कोपऱ्यात एवढीशी आणि बाकी सगळी जुन्या वाड्याची भिंत. सिनेमॅटिक हा शब्द मुख्यतः व्हिडिओचा. हे दोन्ही मी लवकर बाजूला ठेवलं.

आता जी गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती ती. इन्स्टावर प्रत्येकाचे सर्वात चांगले तीस-चाळीस फोटो असतात, वेगवेगळ्या पन्नास लग्नांतले. त्यावरून काहीही कळत नाही. मी प्रत्येकाला म्हटलं, मला एक लग्न पूर्ण दाखवा, क्लायंटला दिलेलं सगळं, आणि ते देवळाजवळच्या हॉलात दुपारच्या मुहूर्ताचं असलं पाहिजे. एकाने सरळ टाळाटाळ केली. नंतर ओळखीतून कळलं की पेजवरचे बरेचसे फोटो त्यांच्याकडे आधी काम करणाऱ्या मुलाने काढलेले, तो आता वेगळा झालाय आणि लग्नाला भलताच कुणी आला असता. नाव नाही घेत, पण म्हणून करारात "कोण येणार" त्या माणसाचं नाव लिहून घ्या.

दुसऱ्याने दाखवलं. मडगावातलं एक छोटं ऑफिस, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि मी, आई आणि होणारा नवरा लॅपटॉपसमोर बसून अनोळखी लोकांच्या लग्नाचे सातशे फोटो बघतोय. सकाळचे घरचे फोटो अप्रतिम, खिडकीचा उजेड, अबोलीचे वळेसर, सगळं. मग हॉल आला आणि सगळं बदललं. स्टेजवर जांभळे एलईडी, वर ट्यूबलाइट, समोरून व्हिडिओवाल्याचा पिवळा दिवा आणि मागचं दार उघडं म्हणून दुपारचं पांढरं ऊन. नवरीचा अर्धा चेहरा जांभळा, अर्धा पिवळा. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण 3200 केल्विन (उजेडाची छटा मोजायचं माप) असतो आणि दिवसाचा 5500 च्या आसपास, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर कॉम्प्युटरवर एक रंग सुधारला की दुसरा बिघडतो, हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं. होमाच्या वेळचे फोटो तर धुरकट पांढरे, कारण फ्लॅश समोरून मारला की तो आधी धुरावरच आदळतो. तो छतावर नाहीतर भिंतीवर मारून परतवावा लागतो. हे बघून आम्ही दुसऱ्याच दिवशी हॉलच्या डेकोरेटरला सांगितलं की विधींच्या वेळेला रंगीत दिवे बंद, फक्त साधा पांढरा उजेड, एक पैसा जास्त न देता फोटो निम्मे सुधारले असं मी आज म्हणेन.

तिथेच आईच्या एक गोष्ट लक्षात आली. ती म्हणाली, "हिची आई खंय?" कन्यादानाचा फोटो होता, नवरीचे डोळे, मुंडावळ्या, नथ सगळं लख्ख, आणि मागे उभी असलेली तिची आई म्हणजे फक्त एक हिरवा डाग. आम्ही पुढचे पन्नास फोटो त्याच नजरेने बघितले आणि प्रत्येक ठिकाणी तेच, मागची माणसं विरघळलेली. 85 मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडी ठेवून, एफ 1.4 वर, जवळून फोटो काढला की फोकसची पट्टी काही सेंटीमीटरची उरते, मग एक चेहरा स्पष्ट आणि बाकी सगळं लोणी. लोकांना ते महागडं दिसतं म्हणून काढतात. पण लग्नात मागे उभं कोण असतं? आई, मामा, काकी. मला ती माणसं पाहिजे होती. तेव्हापासून मी स्टाइलचं नाव विचारायचं सोडलं आणि विचारायला लागले की मंगलाष्टकांच्या वेळी तुम्ही कुठे उभे राहता आणि कुठली लेन्स लावता.

तिसरी फोटोग्राफर म्हापशाची, एक मुलगी, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. तिने उत्तर दिलं, "35 ची. मी भटजींच्या डाव्या बाजूला खाली बसते, एफ 4 ला, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे चेहरे आणि मागचे लोक सगळे येतात." म्हणजे जास्त रुंद दिसणारी लेन्स, आणि ती कमी उघडी, म्हणून मागचंही स्पष्ट. मग मलाच विचारलं की मामा कुठल्या बाजूला उभा राहणार आणि नवरीच्या घरात कोण पटकन रडतं. तिथल्या तिथे माझं ठरलं.

तिच्या एडिटिंगबद्दल मात्र भांडावं नाही, पण बोलावं लागलं. हल्ली प्रीसेट लावतात, एका क्लिकवर सगळ्या फोटोंना एकच छटा. मूडी म्हणतात त्यात हिरवा रंग मारून तपकिरी करतात, आणि आमच्याकडे काय, माडांची पानं, केळीचे खांब, आंब्याची तोरणं, हिरवा चुडा, लग्न सगळं हिरवंच. एअरी म्हणतात त्यात उलट, सगळं इतकं उजळवतात की मामाने दिलेली पिवळी साडी पांढरट होते आणि माझ्यासारख्या सावळ्या रंगाची नवरी राखाडी दिसते. मी तिला स्वच्छ सांगितलं, माझा रंग आहे तोच पाहिजे, चुडा हिरवा आणि साडी पिवळी. तिने सॅम्पल करून पाठवलं, मगच अ‍ॅडव्हान्स दिला.

ग्रुप फोटोंसाठी आजीच्या हट्टाने फोंड्यातलाच एक ट्रॅडिशनलवाला वेगळा घेतला, तीस वर्षं हेच काम करणारा. मला आधी पटलं नव्हतं, पण त्याने सत्तर माणसांना स्टेजच्या पायऱ्यांवर पाच मिनिटांत लावलं, उंच मागे, मुलं खाली, एकही चेहरा दुसऱ्यामागे नाही, आणि काकांना नावाने हाक मारून हसवलं. हे कौशल्य कँडिडवाल्यांकडे नसतं. फक्त दोघांची आधी गाठ घालून द्या नाहीतर एकाच्या फोटोत दुसऱ्याची पाठ येते. आम्ही भटजीकाकांनाही त्यात घेतलं, विधींचा क्रम आणि अंदाजे वेळ त्यांच्याकडून लिहून घेतली आणि दोघांना दिली. बहुतेक देवळांत गाभाऱ्याकडे फोटो काढायला मनाई असते तेही आधीच सांगून ठेवलं.

सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या दोन सह्यांना मात्र कुणालाच बोलावलं नाही, भावाने फोनवर काढले. आता वाटतं दुसऱ्या सहीला तरी म्हापशाच्या फोटोग्राफरला तासभर बोलवायला हवं होतं, गोव्यात कायद्याने लग्न होतं ते तिथेच ना. ड्रोनही घेतला नाही. 2021 च्या नियमांनुसार नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन असतात, आणि लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, "आमी करतांव मॅनेज" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवला नाही. आणि प्री-वेडिंगसाठी पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत जाऊन लोकांच्या दारात उभं राहायचं हे मला मनापासून नको होतं, तिथे माणसं राहतात, त्यांना त्याचा त्रास होतो. लग्नाच्याच दिवशी जेवणं उरकल्यावर साडेपाचला मागच्या कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) गेलो, फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो, त्याआधीचा पाऊण तास पुरला.

करारातलं एक कलम सगळ्यांनी वाचा. फोटोंचे सगळे हक्क फोटोग्राफरचे असं छापलेलं असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे पैसे देऊन आपण काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपणच असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे ती छापील ओळ सही करून आपणच हक्क देऊन टाकतो. आम्ही ती बदलून घेतली, पेजवर टाकायचे फोटो आधी विचारून, आणि हळदीतले भाच्यांचे अजिबात नाहीत. तिने लगेच मान्य केलं. कॅमेऱ्यात दोन कार्डं आहेत का आणि त्याच रात्री कॉपी काढणार का, हेही लिहून घेतलं.

दीड महिन्याने 640 फोटो आले. काही ठिकाणी कमतरता आहे, सासरच्या दोन काकवांचे चेहरे कुठेच नीट नाहीत, ते मी यादीत द्यायला विसरले होते. पण अंतरपाटाचा एक फोटो आहे. मी, तो, भटजीकाका, मामा, आणि माझ्या मागे आई. शेवटचं मंगलाष्टक संपलंय, सगळ्यांच्या अक्षता हवेत आहेत आणि आईची मूठ अजून बंद आहे. ती टाकायचीच विसरली होती, हे तिलाही फोटो बघूनच कळलं. मागचं धूसर असतं तर ती मूठ मला कधीच दिसली नसती.

अल्बमच्या डिझाइनमध्ये तो फोटो दोन पानांवर मोठा घेतला होता आणि मधली घडी बरोबर आईवर येत होती. गेल्या आठवड्यात परत पाठवला, थोडा डावीकडे सरकवा म्हणून. आता घडी हॉलच्या खांबावर येते.