पानांआडची आरोळी

पेनसिल्व्हेनियातील डोंगराळ रानाला नवी पाने फुटू लागली की मला आपली चैत्रपालवी आठवते. माझा शेजारी मात्र त्याच पालवीकडे संशयाने पाहू लागतो, कारण तो टर्की या मोठ्या रानपक्ष्याचा शिकारी आहे. वसंतातील शिकारीचा हंगाम मेच्या आरंभाच्या सुमारास सुरू होऊन महिनाअखेरीपर्यंत चालतो, आणि तेवढ्या अवधीत उघडेबोडके रान गच्च हिरवे होऊन जाते.

मी स्वतः शिकारी नाही. बंदुकीची मला भीतीच वाटते. तरीही एकदा हंगामाच्या पहिल्या आठवड्यात पहाटे त्याच्याबरोबर गेलो, तेव्हा माझा लाल रुमाल त्याने प्रथम खिशात कोंबायला लावला. नर टर्कीचे डोके या दिवसांत लाल, पांढरे आणि निळे दिसते, त्यामुळे दुसऱ्या शिकाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून हे रंग अंगावर ठेवायचे नसतात. ओकच्या रुंद बुंध्याला पाठ टेकून आम्ही बसलो. वर ओक आणि हिकरी अजून जवळजवळ निष्पर्ण होते. पण खालच्या झुडपांना घाई असते, मोठ्या झाडांनी ऊन अडवण्यापूर्वीच ती पाने काढून घेतात, आणि म्हणून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरचा पडदा सर्वांत आधी विणला जातो. आवाज मात्र तेव्हा मोकळा फिरत होता, नराची आरोळी पलीकडच्या कड्यावरूनही स्वच्छ ऐकू येत होती.

मेअखेरीस पुन्हा गेलो, तेव्हा तीच आरोळी कोणी घोंगडीखालून द्यावी तशी दबून आली. पाने आवाज शोषतात, विखुरतात, आणि जवळचा पक्षी दूर भासतो. तो अजून लांब आहे असे समजून आम्ही पुढे सरकण्यासाठी उठलो मात्र, आणि चाळीसेक पावलांवरून पंखांचा प्रचंड फडफडाट झाला. मान न वळवताही भोवतालचा बराचसा परिसर दिसतो अशा या पक्ष्यासमोर उभे राहणे म्हणजे दवंडी पिटणेच होते.

शेजारी तरीही पानांना सरसकट शिव्या देत नाही. बहुतेक माद्या तोवर अंड्यांवर बसलेल्या असल्याने एकटा पडलेला नर लाकडी डबीवर घासून काढलेल्या खोट्या हाकेला अधिक भुलतो, आणि बंदूक खांद्याला लावण्याची हालचालही पानांआड लपून जाते. त्या सकाळी उशिरा समोरचे नेचे हलले, तेव्हा त्याने ती तशीच लावली. पण या हंगामात छातीवर केसांसारख्या पिसांचा दाढीवजा झुबका असलेलाच पक्षी मारता येतो, आणि छाती तर पानांत बुडालेली. तो थांबला, मी श्वास रोखला, आणि नेच्यांतून एक मादी बाहेर आली. आमच्या समोरून ती कोवळे शेंडे खुडत निवांत निघून गेली.