आधी पाय पाठव

पहिल्यांदा त्याचा पाय आला. फिडल नंतर.

नॉर्वेतल्या टेलेमार्कहून आलेली ती फाईल पावणेतीन मिनिटांची होती. लाकडी जमिनीवर बूट आपटल्याचा आवाज, बाकी काही नाही. मी रात्री ऐकत बसलो होतो तर बायको आतून म्हणाली, "जिन्यावर कोण आलंय बघा." म्हटलं, कोण नाही, गाणं आलंय. तिनं दार लावून घेतलं.

हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगतो. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, टांगून हातोडीनं हलकं ठोकायचं. खणखणीत वाजलं तर गाडीत, बद्द वाजलं तर बाजूला. बाजूला पडलेलं परत भट्टीत जातं. दिवसाला काही शे वेळा हे ऐकलं की माणसाचा कान बिघडतो तरी नाहीतर तयार तरी होतो. माझ्या कानाचं नेमकं काय झालं ते माहीत नाही, पण एका दुसऱ्या शिफ्टला दोन ओळी सुचल्या:

ठोका मला, वाजवा मला, मगच भरा गाडीत
बद्द निघालो तर पुन्हा टाका भट्टीत

चाल पेटीवर लगेच बसली. मग सात महिने तिथंच अडकली.

गाणी मी स्वतःच लिहितो, घरीच रेकॉर्ड करतो, स्वतःच बाहेर काढतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या माळ्यावर दोन गाद्या भिंतीला उभ्या आणि आईच्या चार वाकळा तारेवर, हा माझा स्टुडिओ. बाकीची माणसं जगभर पसरलेली. कशी भेटली ते सांगण्यासारखं नाही, इंटरनेटवर भेटतात तशीच भेटली. टेलेमार्कचा फिडलवाला शाळेची बस चालवतो. ब्राझीलमधल्या रेसिफेची एक बाई बेस वाजवते आणि दिवसा लहान मुलांना संगीत शिकवते. दुसरी शिफ्ट अकराला सुटते, साडेअकराला मी घरी. तेव्हा रेसिफेत दुपारचे तीन वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात नॉर्वेत रात्रीचे आठ. तिघांनाही जमणारी तेवढी एकच वेळ, आणि तीही माझ्या फाउंड्रीच्या भोंग्यानं ठरवलेली.

त्याच्याकडं असतं ते हार्डांगर फिडल. दिसायला व्हायोलिनच, पण वाजवायच्या तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना बोटही लागत नाही, गजही लागत नाही, वरच्या तारा वाजल्या की त्या आपोआप गुणगुणतात. आपल्या सारंगीच्या तरफांसारखंच. लाकडावर शिंपल्याची नक्षी. पहिल्यांदा व्हिडिओत बघितलं तेव्हा मला मिरजेच्या दुकानातले तंबोरे आठवले.

या फिडलच्या तारा नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा वर चढवलेल्या असतात. माझा सूर काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. त्याच्या चार तारा पेटीवर लावून बघितल्या: पांढरी सात, पांढरी तीन, परत पांढरी सात, काळी तीन. त्याचं घर, म्हणजे मूळ सूर, पांढरी तीनवर. तिथं सा धरून गायचं तर मी दूधवाल्याला गल्लीच्या टोकावरून हाक मारल्यासारखा ओरडणार. दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, आपणच दोन पट्ट्या खाली उतरून पांढरी सात धरली तर त्याच्या तारा सरळ सा, म, सा, प होतात. त्याचं घर माझ्या मध्यमावर येतं. तो त्याच्या घरी, मी माझ्या, भिंत सामाईक. आवाजही जरा जाड झाला, ते या गाण्याला बरंच वाटलं.

सूर असा मिटला. ताल मिटेना.

त्यानं वाजवलं होतं स्प्रिंगार. तीन ठोक्यांचा नाच आहे, पण टेलेमार्कमध्ये हे तीन ठोके सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा मध्यम, तिसरा आखूड. मला ते कळलंच नाही. मी आपला संगणकावर सारखे ठोके देणारा क्लिक लावला, फिडल कापलं आणि एकेक ठोका ओढून क्लिकवर बसवला. दोन रात्री गेल्या. बसवून झाल्यावर ते वरातीतल्या बँडनं वॉल्ट्झ वाजवावा तसं वाजायला लागलं. तरी पाठवलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "हे कोण वाजवतंय?"

इथं मामा येतात. मामा हलगीवाले. माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या गल्लीचे मामा. खासबागच्या मैदानात कुस्तीला हलगी वाजवत म्हातारे झाले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या आखाड्यात हलगी, घुमकं हा ढोल आणि कैताळ या झांजा यांच्याशिवाय कुस्ती ही कल्पनाच कुणाला सुचत नाही. तिथं क्लिक कुठून आणणार? जोड सलामीला उभी असताना हलगी वेगळी, पट निघायच्या वेळची वेगळी. कुस्ती चढली की हलगी चढते. कधीकधी हलगी चढते म्हणून कुस्ती चढते, हे मामांचं मत.

मामांना मी फिडल ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "गडी तालात हाय. पण लंगडालाय."

"मामा, तो नाच आहे तिकडचा."

"मग नाचच दाखव की. बाजा कशाला ऐकवालाईस? ह्येचा पाय ऐकव आधी."

तसं मी त्या फिडलवाल्याला लिहिलं: फिडल राहू दे, आधी पाय पाठव. त्याला काही विचित्र वाटलं नाही, हे मला फार आवडलं. त्यांच्याकडं वाजवणारा पायानं जमीन ठोकतच असतो, ऐकणारे तो पायही ऐकतात. त्यानं फिडल खाली ठेवलं, मनातल्या मनात चाल धरली आणि पावणेतीन मिनिटं नुसता बूट आपटला.

आता हलगी रेकॉर्ड करायची तर महिना जुलैचा. कोल्हापूरचा जुलै ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. माळ्यावर पत्रा, पत्र्यावर पाऊस, आणि हलगीचं कातडं सादळून पापडासारखं झालेलं. स्टोव्हवर तापवली तर पाच मिनिटं वाजते, परत ढिली. शेवटी शियेच्या रस्त्याला एका ओळखीच्याचं गुऱ्हाळ मिळालं. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंदच असतं. शेड मोठी, जमीन मातीची, कोपऱ्यात सुक्या चिपाडांचा ढीग. रविवारी सकाळी आम्ही चुलाण पेटवलं. ज्यावर रस उकळतो त्या चुलाणावर त्या दिवशी दोन हलग्या शेकत होत्या. गुळाचा जुना वास अजून भिंतीत होता. उंदीरही होते. एक काहिल, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, भिंतीला उभी करून ठेवलेली, हलगी वाजली की तिचं लोखंडी पोट घुमायचं. मी आधी तिच्यावर पोतं टाकणार होतो. मग पोतं बाजूला ठेवलं आणि दुसरा माइक तिच्याच तोंडाशी लावला. त्या गाण्यात जो घुमारा 'रिव्हर्ब' म्हणून लोक विचारतात तो कुठल्या सॉफ्टवेअरचा नाही, ती काहिल आहे.

मामांनी हेडफोन घातला आणि लगेच काढला. "कानात बोळा घातल्यागत होतंय." मग बॅगेतला छोटा स्पीकर स्टीलच्या डब्यात ठेवून त्यावर पाय वाजवला. मामा उकिडवे बसले. पहिली दहा मिनिटं नुसते मान हलवत. एकदम हलगी उचलली आणि लांब ठोक्यावर बारीक काठीची तिरतिर भरली, मधल्यावर दोन्ही काठ्या, आखडत्या तिसऱ्यावर जाड काठीचा एकच टोला. तीन फेऱ्यांत तो बूट आणि ही हलगी एकाच माणसाची वाटायला लागली. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी लक्षात आलं की रेकॉर्डिंगचं बटण दाबलेलंच नाही.

ती पहिली फेरी गेली ती गेलीच. मामांना सांगायची हिंमत झाली नाही. "अजून एकदा घेऊ, मामा, थोडं चुकलं माझ्याकडून." ते म्हणाले, "कळलं मला. लाल दिवा लागलाच न्हवता." चिपाडं टाकून परत हलगी शेकली. दुसरी फेरी चांगली आली. पहिलीसारखी नाही.

हलगीच्या माइकमध्ये डब्यातला पायही मागून ऐकू येतो. काढता आला असता. ठेवला.

रेसिफेच्या बाईंची गोष्ट वेगळी, त्यात माझीच फजिती आहे. त्यांनी सुरुवातीला ओळख म्हणून बेसचा एक तुकडा पाठवला होता, तालाशिवाय, मोकळा. माझ्याकडं लावला तर सूर ना काळीवर ना पांढरीवर, बरोबर दोन पट्ट्यांच्या मधोमध. मी भारावून गेलो. त्यांना लांबलचक पत्र लिहिलं: आमच्याकडं श्रुती असतात, तुमच्या देशात एवढा सूक्ष्म विचार ऐकून आनंद झाला वगैरे. बाईंनी विचारलं, तुझं सेशन किती किलोहर्ट्झचं? माझं अठ्ठेचाळीसचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार नमुने. त्यांची फाईल चव्वेचाळीस पॉइंट एकची. मी ती न बदलता तशीच आत ओढली होती, त्यामुळं ती पळत होती आणि पेटीवरच्या साधारण दीड पट्ट्या वर चढली होती. श्रुती नव्हत्या, माझं अज्ञान होतं. बाई अजूनही कॉलवर आल्या की "आज श्रुती कशा आहेत?" विचारतात.

त्यांनीच आम्हाला त्यांच्याकडच्या माराकातू नावाच्या नाचगाण्याचे ढोल दाखवले. भला मोठा लाकडी ढोल, कातडं दोरीनं ताणलेलं. मामा फोनच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही दोरी आमच्यावानीच वडत्यात बघ." बाईंना मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत 'बद्द' म्हणजे काय ते सांगत होतो, जमेना. दुसऱ्या दिवशी शिफ्टमध्ये दोन कास्टिंगं ठोकून आवाज पाठवले, एक चांगलं, एक तडा गेलेलं. त्यांनी बेसच्या तारांखाली फडकं घालून तो दुसरा आवाज काढला. कडव्यात जिथं 'बद्द' शब्द येतो तिथं तो आहे, आणि त्याखाली तडा गेलेलं खरं कास्टिंगही आहे.

इथल्या एका जाणत्या माणसाला गाणं ऐकवलं. पेटी मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याच वर्तुळातले. अर्ध्यात थांबवून म्हणाले, "भेसळ आहे." ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात असं करतोस म्हणून वाईटही वाटलं त्यांना. मी वाद घातला नाही, पण घरी येईपर्यंत मनात घालत होतो. खाँसाहेबांसारखे गाणारे याच गावात असताना गोविंदराव टेंबेही इथंच पेटी वाजवत होते. त्यांनी १९११ साली 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या त्या पूरबेकडच्या ठुमऱ्या-कजऱ्या उचलून. आज ती नाट्यपदं गाताना कुणाला भेसळ आठवते? १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीनं याच कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला, त्याचं संगीतही टेंब्यांचं. आणि ते जाणते गृहस्थ ज्या पेटीवर बोट ठेवून मला सूर दाखवत होते, ती पेटी एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवलं होतं. हे सगळं मला त्यांच्यासमोर सुचलं असतं तर किती बरं झालं असतं. पापाच्या तिकटीला आल्यावर सुचलं.

एक मात्र त्यांचं बरोबर होतं. मधलं कडवं खरंच घाण होतं. तिथं मी फिडल, हलगी, पेटी, बेस आणि माझाच आवाज तीनदा असं सगळं कोंबलं होतं. सगळ्यांना जागा द्यायची म्हणून दिलेली. ते कडवं मोडलं. आता तिथं नुसता पाय आणि मी.

पैशाचं बोलायला हवं, कारण त्यावर कुणी बोलत नाही. आम्ही चौघांनी गाणं बाहेर काढण्याआधी कागदावर वाटे लिहिले, चौघांचे सारखे. मामांना समजावलं की टक्क्यात तुमचा पाव हिस्सा. ते म्हणाले, "टक्के तुझ्याकडंच ठेव. सुपारीचे पाच हजार हातात दे." ते बरोबरच बोलले. एका मोठ्या स्ट्रीमिंग कंपनीचा २०२४ पासूनचा नियम आहे, वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला दमडी नाही. आमचं गाणं हजाराच्या अलीकडं आहे. मी पाच हजार रोख दिले आणि पाव हिस्साही त्यांच्या नावावर ठेवला. नाव मात्र मामांनी स्वतःचं घालू दिलं नाही, तालमीचं घातलं.

शेवटच्या चाळीस सेकंदांत हलगी चढते. मामांना कुस्ती दिसायला लागली असणार. पाय मागं राहतो, हलगी पुढं जाते. बाईंनी तीनदा बेस बसवायचा प्रयत्न केला आणि सोडला. फिडलवाल्यानं मात्र ते ऐकून फिडल परत वाजवलं, हलगीच्या मागं धावत. कुठं पकडतो, कुठं नाही. ते तसंच आहे.

दुसऱ्या गाण्याची चाल तयार आहे. फिडलवाल्याचा पाय आलासुद्धा, या वेळी बर्फात चालतानाचा. मामा तीन दिवस ऐकतायत आणि "ह्येला बूट कुठनं घेतला इचार" एवढंच म्हणतायत. अडचण जागेची आहे. पाऊस ओसरला, उसाला तोड आली, गुऱ्हाळ सुरू झालं, शेडमध्ये आता रात्रंदिवस इंजिन. शिये, वडणगे, बावडा भागात कुणाची रिकामी शेड असेल तर सांगा. पत्रा चालेल. उंदीर चालतील. चुलाण असेल तर फारच बरं, आणि काहिल असेल तर तिच्यावर पोतं टाकू नका.