संघाची यादी ग्रुपवर टाकण्याआधी पोरींशी बोला

क्लबमधून एखादी चांगली खेळाडू गळाली की आपल्याकडे लगेच म्हणतात अभ्यास वाढला, दहावी आली, क्लास लागला. असतंही ते. पण पुण्यात खो-खोच्या मैदानावर बरीच वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की वगळल्यामुळे पोरी तेवढ्या जात नाहीत, वगळल्याचं त्यांना ज्या पद्धतीने कळतं त्यामुळे जास्त जातात.

पद्धत म्हणजे काय तर रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, जिल्ह्याच्या संघाची यादी, खाली धडाधड अंगठे आणि पुष्पगुच्छ, आणि जिचं नाव त्यात नाही ती घरी फोन हातात धरून वरून खाली, खालून वर तीच यादी वाचत बसते, तोवर ती तिच्या बाबांनी पाहिलेली असते, मामाने पाहिलेली असते आणि शाळेतल्या दोघीतिघींनी पण. सर फोन उचलत नाहीत कारण त्यांना चहूबाजूंनी फोन सुरू झालेले असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मैदानावर येत नाही आणि का आली नाही हे कोणी विचारतही नाही.

आणि हे फक्त मन दुखावण्यापुरतं नाहीये. आपल्या राज्यात खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. वस्तीतून सायकल मारत येणाऱ्या मुलीच्या घरचे त्या यादीकडे कशा नजरेने बघत असतील याचा विचार निवड समितीत बसणाऱ्याने करायलाच हवा.

माझ्या ओळखीत एक ताई आहेत, प्रशिक्षक, त्या यादी जाहीर व्हायच्या आधी प्रत्येक मुलीला मैदानाच्या कडेला बसवून बोलतात, ज्या घेतल्यात त्यांच्याशीही आणि ज्या राहिल्यात त्यांच्याशी जास्त वेळ. मी शेजारी बसून ऐकलंय. "खांब धरून मारायचा सूर तुझ्याइतका छान कोणाचा नाही, पण संरक्षणात दीड मिनिटानंतर पाय जड होतात, हुलकावणी द्यायची सोडून नुसती पळतेस, पुढच्या चाचणीपर्यंत आपण त्यावरच काम करू." एवढंच. मुलगी रडते, रडू देतात, मध्ये बोलत नाहीत. उगाच "तूच खरी चॅम्पियन" वगैरे पण म्हणत नाहीत, ते मुलींना बरोबर कळतं खोटं आहे म्हणून. त्यांच्या पोरी टिकतात!

वरच्या लेव्हलला तरी वेगळं काय चालतं म्हणा. 18 जून 2017 ला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल झाली आणि दोन दिवसांनी अनिल कुंबळेंनी कोच म्हणून राजीनामा दिला, त्यांच्या निवेदनात होतं की कर्णधाराला माझ्या कामाच्या पद्धतीबद्दल आक्षेप आहेत हे मला बोर्डाकडून आदल्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वर्षभर एका ड्रेसिंग रूममध्ये बसलेली माणसं! त्याआधी 2005 मध्ये तेव्हाचे कोच ग्रेग चॅपेलनी कर्णधार गांगुलीबद्दल बोर्डाला पाठवलेली ईमेल पेपरात फुटली, त्यानंतर त्या दोघांचं जमणं अवघडच होतं. पैसा, मॅनेजर, मीडियाची माणसं सगळं असूनही समोर बसून बोलणं राहून जातं, मग फुकट राबणाऱ्या आपल्या सचिवांचं काय होत असेल.

फुकट हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपले क्लब बहुतेक 1860 चा सोसायटी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांच्याखाली नोंदलेले असतात, कागदावर अख्खी कार्यकारिणी असते आणि प्रत्यक्षात एकच माणूस बँकेची नोकरी सांभाळून मैदान बुक करतो, प्रवेश अर्ज भरतो, बसचं बघतो, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, पण तोच देतो. त्याच्याकडून कोणाला काय सांगायचं राहिलं तर त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, कामं वाटून द्या. पालकांशी एकाने बोलायचं, संघटनेशी दुसऱ्याने, आणि प्रशिक्षकाला फक्त शिकवू द्या, त्याला शंभर पालकांचे मेसेज वाचायला लावू नका.

निवडीचे निकष लिहून लावायला तर खर्चही नाही. खो-खो लोक आधीपासून खेळतच होते, पण 1914 मध्ये याच पुण्यात डेक्कन जिमखान्यावर त्याचे नियम बसवले गेले, मग गावोगावी एकाच नियमांनी सामने होऊ शकले. तसा निवडीचाही एक कागद हवा, चाचणीत काय मोजणार, मागच्या स्पर्धांना किती वजन, हजेरीला किती, वाद आला तर कोणाकडे जायचं.

अजून एक, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. अठराच्या आतल्या मुलीला प्रशिक्षकाने एकटीला मेसेज करायचा नाही, कितीही चांगला माणूस असला तरी नाही, पालक असलेल्या ग्रुपवरच करायचा. जानेवारी 2023 मध्ये आपल्या कुस्तीपटू मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तक्रार कोणाकडे करायची हे मुलींना पहिल्या दिवशीच माहीत पाहिजे, आणि ती व्यक्ती शक्यतो बाई असावी आणि प्रशिक्षकाची नातेवाईक नसावी.

आमच्याकडे आता चाचणीच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक आणि निवड समितीतलं एक जण असे दोघं बसतात, सगळ्यांशी बोलणं झालं की मगच यादी ग्रुपवर जाते. मागच्या वेळी एका मुलीची आई खूप चिडून आली, तिचं म्हणणं तासभर ऐकलं, निकषांचा कागद दाखवला, तर तिने विचारलं चाचणीतली ही वेळ नोंदवतं कोण आणि बरोबर नोंदवली कशावरून. प्रश्न अगदी रास्त होता. त्यानंतर ती स्वतः येऊन वेळाधिकाऱ्याचं काम शिकली, आमच्या सराव सामन्यांना आता स्टॉपवॉच तिच्याकडेच असतं आणि पंच परीक्षेचा फॉर्म कधी निघतो हे ती मला दर आठवड्याला विचारते.