ब्रूक ट्राउटचे पुनर्वसन आणि आपल्या पंचगंगेतील मासे

नदीतील मासे कमी झाल्याचा विषय कोल्हापुरात निघाला की ‘मत्स्यबीज सोडा’ ही मागणी हटकून पुढे येते. ही मागणी तळमळीची असली तरी ती कामाच्या शेवटच्या टप्प्याची आहे, असे मला अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांचे ब्रूक ट्राउटविषयीचे प्रयत्न वाचल्यापासून ठामपणे वाटते.

ब्रूक ट्राउट हा मासा उत्तरेकडील मेन राज्यापासून दक्षिणेकडील जॉर्जियाच्या डोंगरांपर्यंतच्या थंड ओढ्यांचा मूळ रहिवासी आहे. पाणी २० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त काळ तापलेले राहिले की त्याचा निभाव लागत नाही, आणि तो ज्या बारीक गोट्यांत अंडी घालतो तेथे गाळ बसला तर अंडी गुदमरतात. बेसुमार जंगलतोडीने ओढ्यांवरची सावली गेली आणि त्यातच गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींसाठी पश्चिमेकडचा रेनबो ट्राउट व युरोपातला ब्राउन ट्राउट आणून सोडण्यात आले; या परक्या माशांपुढे ब्रूक ट्राउट मागे हटला. २००४ पासून १७ राज्ये या माशासाठी संयुक्तपणे काम करत आहेत. काठावर झाडे लावणे, रस्त्याखाली उंचावर बसवलेले आणि माशांची वाट अडवणारे नळ काढून रुंद मोऱ्या बांधणे, आम्लवर्षेने बिघडलेल्या पाण्यात चुनखडीची वाळू टाकणे, अशी ही कामे आहेत.

सर्वांत कठीण काम परके मासे काढण्याचे. टेनेसी व नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात त्यासाठी धबधब्याच्या वरचा ओढा निवडतात, कारण खालचे रेनबो ट्राउट धबधबा चढू शकत नाहीत. वरच्या भागात अँटिमायसिन हे माशांना मारक द्रव्य थेंबाथेंबाने सोडतात. खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट मिसळून त्याचा प्रभाव संपवतात आणि मगच शेजारच्या ओढ्यांतील ब्रूक ट्राउट आणून सोडतात. ‘शेजारच्या’ ही अट महत्त्वाची आहे. दक्षिणेकडील ब्रूक ट्राउटचा वंश उत्तरेकडच्यापेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळा असल्याने, उत्तरेच्या हॅचरीतील (मत्स्यबीज केंद्रातील) पिल्ले तेथे आणणे आता योग्य मानले जात नाही. याच उद्यानात १९५७ साली अॅब्रॅम्स क्रीकमध्ये रेनबो ट्राउटची सोय व्हावी म्हणून विष सोडून इतर मासे मारले होते. आजची काळजी किती आवश्यक आहे, हे त्या घटनेवरून कळते.

हाच ब्रूक ट्राउट पश्चिमेकडील राज्यांत मात्र उपद्रवी ठरला आहे. तो तेथील मूळच्या बुल ट्राउटशी संकर करतो, म्हणून आयडाहोसारखे राज्य त्याला ओढ्यांतून हटवण्याच्या मागे आहे.

असेच आपल्याकडेही घडले आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनच्या महाशीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तेथील पिल्ले कावेरीत सोडली गेली आणि तेथे या माशाची संख्या वाढत असताना कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर अतिसंकटग्रस्त झाला, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे. आपल्या नदीत जो मासा भूषण आहे, तोच दुसऱ्या खोऱ्यात संकट ठरू शकतो.

म्हणून पंचगंगेसाठी बीज मागण्याआधी काही कामे व्हावीत, असे मला मनापासून वाटते. पहिले काम बंधाऱ्यांचे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता येण्याजोग्या फळ्या) पावसाळ्याच्या तोंडावर काढले की चढणीच्या माशांना वाट मोकळी होते. रस्त्याखालचे नळ फोडून जे काम परदेशात करावे लागते, त्याची सोय आपल्या बांधकामातच आहे. मात्र बरगे निघायला उशीर झाला तर पहिल्या पुराबरोबर वर जाणारे मासे भिंतीखालीच अडकतात. बरगे काढण्याचे वेळापत्रक ठरवताना शेतीच्या पाण्याबरोबर या चढणीचाही विचार झाला पाहिजे. दुसरे काम सांडपाण्याचे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरे काम नोंदीचे आहे: कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीच्या उगमाकडील कोणत्या ओढ्यांत चिलापी (तिलापिया) हा परका मासा अजून पोहोचलेला नाही आणि तेथे कोणते मूळ मासे टिकून आहेत, हे स्थानिक मच्छीमारांना सोबत घेऊन ओढ्याओढ्याने तपासले जावे, आणि तोवर त्या ओढ्यांत बाहेरचे कोणतेही बीज सोडू नये.