रीसस माकडाचा मेंदू, नोंद ३: डावं कुठलं, उजवं कुठलं

सद्यस्थिती: एनएमटी, म्हणजे रीसस मेंदूचं सरासरी प्रमाण-चित्र (टेम्प्लेट), याची दुसरी आवृत्ती आणि त्यावरचे मेंदूचे भाग दाखवणारा चार्म नकाशा (अ‍ॅटलस) उतरवून झाले. प्राइम-डीई या माकडांच्या स्कॅनच्या खुल्या संग्रहातल्या दोन एमआरआयपैकी एक टेम्प्लेटवर छान बसला. दुसरा अडला होता, तेव्हा ही नोंद मुख्यतः त्याचीच.

टेम्प्लेट ३१ प्रौढ रीसस माकडांच्या स्कॅनवरून बनलंय. व्हॉक्सेल (चित्राचा सर्वांत लहान घन ठिपका) ०.२५ मिमी, ०.५ मिमीची प्रतही मिळते. पहिली जुळणी (स्कॅन टेम्प्लेटवर बसवणं) ०.५ वरच करा. व्हॉक्सेल आठपट कमी, त्यामुळे चूक लवकर कळते. चार्मचे मोठ्या भागांपासून बारीक भागांपर्यंत सहा स्तर आहेत. पडताळणीला चार खंडांचा पहिला स्तर पुरतो.

आता अडलेला स्कॅन. यंत्रात माकडाला बरेचदा स्फिंक्ससारखं पोटावर ठेवतात, हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) मात्र माणसासारखं ‘उताणा’ असं नोंदलं जातं. मग पडद्यावर वरची बाजू पुढे जाते आणि पुढची वर. फ्रीसर्फर या मेंदू-चित्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या एमआरआय-कन्व्हर्ट या फाइल बदलायच्या साधनात यासाठी खास ‘स्फिंक्स’ पर्याय आहे. तो देण्याआधी फाइल उघडून बघा: हेडर आधीच सुधारलेलं असेल तर सरळ मेंदू पुन्हा आडवा होईल.

याहून घातक चूक डाव्या-उजव्याची. हातानं अक्ष बदलताना एक चिन्ह चुकलं की मेंदूची आरशातली प्रतिमा तयार होते, आणि ती सममित टेम्प्लेटवर तितकीच सुरेख बसते! जुळणी चांगली झाली म्हणजे बाजू बरोबर, असं अजिबात नाही. अ‍ॅफनी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची ‘चेक-फ्लिप’ तपासणी त्याच माकडाचे फंक्शनल (मेंदूच्या कामाचे) आणि अ‍ॅनाटॉमिकल (रचनेचे) स्कॅन एकमेकांशी ताडते. दोन्ही सारखेच उलटे असतील तर तिला काहीच सापडत नाही. सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे स्कॅनच्या वेळी एका बाजूला चिकटवलेली, चित्रात उठून दिसणारी व्हिटॅमिन ई कॅप्सूल. ती नसेल, माहितीपत्रकातही बाजूचा उल्लेख नसेल, तर त्या स्कॅनवरून डाव्या-उजव्याबद्दल काहीही मांडू नये.

चित्रातून कवटी काढताना माणसांसाठीची साधनं गडबडतात, कारण माकडाचे चावायचे स्नायू जाड आणि मेंदू लहान. माकडांच्या स्कॅनवर शिकवलेलं यू-नेट हे न्यूरल नेटवर्क बरंच बरं चालतं. तरी टेम्पोरल खंडाचं टोक आणि अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) तळ आयटीके-स्नॅप या चित्र तपासायच्या प्रोग्रॅममध्ये हातानं तपासाच.

दुसरा स्कॅन आता सरळ झालाय, कवटीही निघाली. उरलंय ते ०.२५ मिमीवरची जुळणी आणि लुनेट सल्कस (मेंदूच्या मागच्या भागातली खाच) दोन्हीकडे टेम्प्लेटशी जुळतो का ते पाहणं.