बार्शी लाइट, ९ मिलिमीटरवर

नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची मॉडेलं करणारे आम्ही सहा जण आज पहिल्यांदाच समोरासमोर भेटलो, माझ्या घरी. विषय एकच, १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ प्रमाणात पावणेनऊच्या आसपास येतो, म्हणून एन गेज या मॉडेल रेल्वेच्या छोट्या मापाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ चालतात. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मात्र नव्याने लावायचे, तेच खरं काम!

डब्याच्या रंगावरून तासभर वाद झाला. एका काकांचे वडील याच रेल्वेच्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. काकांनी शांतपणे पिशवीतून जुन्या खिडकीची लाकडी पट्टी काढली. रंगाचे तीन थर. सगळे गप्पच झालो.

याच लाइनवरच्या पंढरपूरच्या छोट्या गाडीचे जुने फोटो कुणाकडे असतील तर कळवा ना. दारं नीट दिसणारे हवेत.