कोवळ्या फणसाला कांदा-लसूण मसाला

होळीच्या आगेमागे जांभळी नाक्याच्या बाजारात कोवळे फणस दिसायला लागतात. आमच्या सासूबाई राजापूरच्या. त्यांच्या लेखी कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी एकाच पद्धतीने होते: खोबरेल तेलाची फोडणी, त्यात उडदाची डाळ, सुक्या मिरच्या, हिंग, मग भिजवून शिजवलेले काळे वाटाणे, गुळाचा खडा आणि वरून मूठभर ओलं खोबरं. कांदा-लसूण वर्ज्य. त्या भाजीत मी काडीचाही बदल करत नाही. पण तीन माणसांत अख्खा फणस एका भाजीत कुठला संपायला? त्यातून मी साताऱ्याची.

फणस घेताना काटे दाट, टोकदार बघते आणि तिथेच मधोमध चिरायला लावते. सुरी आठळीतून अडखळत गेली तर तो भाजीच्या वयाचा राहिला नाही. चिकाला घाबरू नका. चीक पाण्याने जात नाही, म्हणून हाताला आणि विळीला आधीच तेल चोपडायचं. सालं आणि मधला दांडा काढून फोडी ताक घातलेल्या पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. मग हळद-मीठ लावून, भांड्यात पाणी न घालता कुकरच्या दोन शिट्ट्या. तिसरी झाली की लगदा.

अर्ध्या फोडी भाजीला, उरलेल्या माझ्या रश्शाला. या फोडी आधी तेलात कडा लालसर होईपर्यंत परतायच्या, इथे घाई नको. न परतता टाकल्या तर त्या रश्शात नुसत्या पोहत राहतात. मग भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं यांचं वाटण, आलं-लसूण, माहेरून आलेला कांदा-लसूण मसाला दोन चमचे, आणि गरम पाणी. मंद आचेवर दहा मिनिटं. रात्री करून ठेवला तर सकाळी रस्सा फणसाच्या रेषारेषांत मुरलेला असतो.

हा अगदी मटणासारखा लागतो, असं बरेच जण म्हणतात. मला नाही पटत. मटण म्हणून खाल तर हिरमोड होईल. शिवाय कोवळ्या फणसात प्रथिनं फारशी नसतात, तेव्हा शेजारी मटकीची उसळ असू द्या.

"फणसाला घाट चढवलास की गं," सासूबाई म्हणाल्या. त्या हा रस्सा भाताशी खातात, मी ज्वारीच्या भाकरीशी.

मोठ्या चकत्या निघाल्या तर सुरणासारखे काप करते: तिखट, मीठ, आमसुलाचं आगळ लावून रव्यात घोळवायचे आणि तव्यावर खरपूस भाजायचे. राहिलेला चुरा उकडलेल्या बटाट्यात कालवून कटलेट. वाफवलेल्या फोडी फ्रीजरमध्येही टिकतात, पण बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. ते घट्ट पिळून त्यांचीही कटलेटच करावीत, रश्शाला त्या कामाच्या नाहीत.